उंबरठ्यावरचं इंग्रजी

आमच्या घरात इंग्रजी स्वयंपाकघरातून आलं आणि आजतागायत तिथंच आहे.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, तेव्हा मामंजी, म्हणजे माझे सासरे, जालन्याच्या तहसील कचेरीत कारकून होते. उर्दू अशी लिहायचे की हैदराबादकडच्या लोकांनी वाहवा म्हणावं. पण नवे साहेब आले मद्रासकडचे. त्यांना ना उर्दू, ना मराठी! त्यांनी दुभाष्याकरवी मामंजींना बजावलं, "दिवाळीपर्यंत इंग्रजी बोलायला शिका, नाहीतर भोकरदनला बदली."

आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, त्याच संध्याकाळी जाहीर केलं, "मी न्हाई येणार भोकरदनला. म्हैस गाभण आहे."

"मंग मी एकटाच जाऊ?"

"जा की. म्हशीपाशी कुणी तरी पाहिजे ना!"

मामंजींना साधा चहा करता येत नव्हता. ते भिंतीकडे तोंड करून बसले. आत्याबाई मात्र माझ्याकडे बघायला लागल्या. मी नुकतीच लग्न होऊन आले होते. माहेर नगरचं, म्हणजे इंग्रजांच्या मुलखातलं, आणि वर मॅट्रिक पास!

"इंग्रजी राज्यातली सून केली," आत्याबाई म्हणाल्या, "तिचा काही उपयोग होऊ द्या!"

मला तेवढंच पाहिजे होतं. मी ऐटीत (दाराआडून) आत्याबाईंना सांगितलं, "व्याकरणाची काही गरज नाही. 'गेट' हे एक क्रियापद आलं, की निम्मं इंग्रजी आलं!"

अडचण एकच होती. सुनेनं सासऱ्यांसमोर यायचं नाही, आणि त्यांच्याशी थेट बोलायचं तर बिलकुल नाही. त्यामुळे वर्ग असा भरायचा: मामंजी ओसरीवर, मी आत चुलीपाशी भाकरी थापत, आणि मधे उंबरठ्यावर भुईमुगाच्या शेंगा सोलत आत्याबाई. मी आत्याबाईंना सांगायचं, त्यांनी मामंजींना सांगायचं. मामंजींची शंका त्याच वाटेनं परत यायची, बहुधा शेंगांच्या टरफलांसकट.

"गेट म्हणजे मिळणं," मी सांगितलं.

"गेट म्हणजे मिळणं," आत्याबाई ओरडल्या. (मामंजी चार हातांवर होते. ओरडायची काही गरज नव्हती.)

"गेट अप म्हणजे उठणं. गेट रेडी, तयार होणं. गेट वेट, भिजणं. गेट टायर्ड, थकणं. गेट मॅरीड, लग्न होणं."

ओसरीवरून आवाज आला, "मिळणं, उठणं, भिजणं आणि लग्न, सगळं एकाच शब्दात? हा शब्द आहे का सराई? जो येईल तो मुक्कामाला!"

"ते म्हणून राह्यले, हा शब्द आहे का सराई," आत्याबाईंनी मला कळवलं.

"त्यांना म्हणावं, शिकत राहा, गेट म्हणजे समजणंसुद्धा!"

"अहो, ती म्हणते, तुम्हाला काही समजत न्हाई!"

असा आमचा अभ्यास. दसऱ्यापर्यंत मामंजी 'गेट'चे सगळे अर्थ घडाघडा म्हणू लागले, पण सुरुवात आतून झाली तरच! आतून 'गेट' ऐकू आलं, की त्यांची गाडी सुटायची. मला वाटलं, काय शिकवते मी!

त्या आनंदात मी साहेबांना दिवाळीच्या फराळाला बोलवायला सुचवलं. गोड पोटात गेलं की परीक्षक नरम पडतो, असा माझा हिशेब.

साहेब आले. खुर्चीत बसले. चकली उचलून त्यांनी इंग्रजीत विचारलं, सकाळी कचेरीला निघायच्या आधी काय काय करता?

मामंजींनी मान वळवली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. उत्तर नेहमी तिकडूनच येतं ना!

परक्या पुरुषाला माझा आवाज ऐकू जाता कामा नये. मी आत्याबाईंच्या कानात कुजबुजले, "सकाळी काय करता म्हणून विचारतायत."

पुढचं इंग्रजी मी सांगण्याआधीच उंबरठ्यावरून गर्जना झाली, "गेट अप! गेट रेडी! गेट टांगा!"

साहेबांची चकली तोंडापाशी थांबली. त्यांनी खुर्ची दाराकडे फिरवली. आणि पाऊस आला तर?

मी पुन्हा कुजबुजले.

"गेट वेट!"

आणि संध्याकाळी?

"गेट टायर्ड!" आत्याबाई म्हणाल्या आणि कुणी काही विचारलेलं नसताना ताट घेऊन थेट बाहेर आल्या. "गेट लाडू!"

मामंजींनी डोळे मिटून घेतले. गेली नोकरी, चला भोकरदन! पण साहेब इतके हसले की लाडवाचा ठसका लागला. मग डोळे पुसत इंग्रजीत काहीतरी बोलले. ते समजलं फक्त मला. मी आतून आत्याबाईंना खूण केली, त्या दाराशी आल्या, मी सांगितलं, "साहेब म्हणतायत, मास्तरीण जालन्यात असताना विद्यार्थ्याला भोकरदनला कशाला धाडू?"

आत्याबाईंनी मामंजींना तेच सांगितलं, त्यांच्या पद्धतीनं: "म्हैस वाचली!"

मास्तरीण म्हणजे कोण, हे साहेबांना डोळ्यांनी दिसत होतं, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीलाही कळलं. बायका आत्याबाईंकडे मुलींना इंग्रजी शिकवायचं विचारायला येऊ लागल्या. मी त्यांना चहा नेऊन दिला.

फळ म्हणून मला एवढंच मिळालं: पहाटे पहाटे दारावर थाप.

"सूनबाई, गेट अप!"

"उठले, आत्याबाई."

"इंग्रजीत सांग!"