जाळीच्या आतल्या उठाबशा

दोन वर्षांपूर्वी कांद्याच्या खुरपणीला बसले आणि मला उठताच येईना. बरोबरच्या बायकांनी काखांत हात घालून मला उभं केलं. त्या हसल्या, मीही हसले. घरी येऊन मोरीत तोंड धुता धुता रडले. धाकटीच्या बाळंतपणापासून वजन वाढत गेलं होतं आणि ते सगळं जणू कमरेखाली उतरलं होतं. उन्हाळ्यात चालताना मांड्या एकमेकींना घासून सोलून निघायच्या. हे कुणाला सांगायचं?

ओतूरच्या डॉक्टरीणबाईंनी गुडघा दाबून पाहिला. "गुडघा चांगलाय. मांडीत ताकद नाही, म्हणून सगळा भार त्याच्यावर येतो. रोज पाऊण तास चाला, रात्रीचा भात बंद करा. नुसती मांडी बारीक होत नसते, सगळं अंगच उतरावं लागतं." मग त्यांनी हात न टेकता खुर्चीवरून उठून दाखवलं, आणि भिंतीला पाठ लावून, खाली खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं बसून दाखवलं. "असं थांबायचं. मांड्या पेटल्या पाहिजेत."

काट्यावर ब्याऐंशी किलो भरले होते.

आमचं घर पिंपरी पेंढारच्या मळ्यात, तीन बाजूंनी ऊस. मी आणि माझी जाऊ पहाटे डांबरी रस्त्यापर्यंत जाऊन यायचो. बारा दिवस झाले असतील. शेजारच्या वस्तीवरची कालवड बिबट्यानं गोठ्यातून ओढून नेली. वनखात्यानं उसाच्या कडेला पिंजरा लावला, आणि मालकांनी घराभोवती उंच जाळी ठोकून घेतली.

"दिस वर आल्याबगार बाहेर पाय टाकायचा न्हाई," ते म्हणाले.

दिस वर आला की दूध, डबे, भाकऱ्या आणि रान. माझी म्हणावी अशी वेळ ती पहाटेचीच होती. ती गेली.

मग घरातच करू म्हटलं. पण पुढच्या खोलीत सासरे पहाटेपासून कॉटवर बसलेले. त्यांच्यासमोर उठाबशा कशा काढायच्या? आतल्या खोलीत मुलं झोपलेली आणि उरलेल्या जागेत खताच्या गोण्या. राहिलं स्वयंपाकघर. फ्रिज आणि पाण्याचं पिंप यांच्यामध्ये भिंतीचा एक मोकळा तुकडा होता, मी बसेन एवढाच. पहिल्या दिवशी आठ आकडे मोजेपर्यंत पाय लटपटायला लागले.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी पकडलं. "काय गं, चक्कर आली का?"

"न्हाई आत्या, व्यायाम करते. मांड्यांचा."

त्यांनी मला पायापासून वरपर्यंत न्याहाळलं. "दिसभर राबतीस, त्यो काय व्यायाम न्हाई व्हय?"

दिवसभर राबूनच मी अशी झाले होते. त्या दिवसापासून मी पाठ टेकली, की त्यांना पिंपातलं पाणी हवं असायचं. मुद्दाम नसेल. पण त्या तीन फुटांत मला श्वास कोंडल्यासारखं व्हायचं. खिडकीतून जाळी दिसायची, जाळीपलीकडे डोक्याच्या वर गेलेला ऊस. तरी सोडलं नाही. दिवाळीपर्यंत साठपर्यंत मोजू लागले आणि पाच किलो उतरले.

थंडीतली गोष्ट. आमचा संडास तेव्हा अंगणाच्या कोपऱ्यात होता, पत्र्याच्या दाराचा. सकाळचं उजाडलं होतं. मालकांनी दुधाचे कॅन काढायला फाटक उघडं टाकलेलं. मी आत होते, आणि एकदम त्यांची ओरड ऐकू आली, "आतच थांब! दार धर! गोठ्यामागं शिरलाय!"

दाराची कडी कधीची तुटलेली. मी दाराला पाठ लावली, पाय समोरच्या भिंतीच्या बुडाशी रोवले आणि स्वयंपाकघरात बसायची तशी बसले. आपोआप मोजायला लागले. साठ. शंभर. घरातून मुलांचं रडणं ऐकू येत होतं. बाहेर पत्र्याला काहीतरी घासून गेलं. ते जनावर होतं की कोंबडी, मला आजही माहीत नाही. दीडशेनंतर मांड्या थरथरायला लागल्या, आणि मी ओल्या फरशीवर घसरून बसले. पाठ मात्र दारालाच होती. हाक मारायची भीती, आणि न मारली तर ते मला विसरतील अशीही भीती. वर वीतभर झरोका होता, त्यातून आभाळ दिसत होतं.

शेजारचे फटाके आणि ट्रॅक्टर घेऊन येईपर्यंत पाऊण तास गेला.

"गेला तो, उघड," मालक म्हणाले. मी सरकले. ते हात द्यायला वाकले, पण मी भिंतीला धरून आपली आपण उठले. ते माझ्या पायांकडे बघत होते. "लई कापतीयास," एवढंच म्हणाले.

महिन्याभरात त्यांनी घरातच संडास-बाथरूम बांधून घेतलं. जागा स्वयंपाकघरातून काढली. फ्रिज आणि पिंपामधला माझा तुकडा त्यात गेला. सगळे म्हणाले, बरं झालं, आता रात्री-अपरात्री बाहेर जायला नको. बरंच झालं. पहाटे अंगणात जायचं माझं शेवटचं कारणही संपलं. आता मी त्या नव्या बाथरूममध्ये कडी लावून, बादली बाजूला सारून भिंतीला बसते. बाहेरून कोणीतरी दार वाजवतंच.

परवा डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. त्र्याहत्तर किलो. त्यांनी मांडी दाबून पाहिली आणि खूश झाल्या. "छान घट्ट झाल्यात. आता घरात नको, बाहेर मोकळं चालायला सुरुवात करा."

मी हो म्हणाले आणि पिशवी उचलली. साडेचारची एसटी गाठायची होती. ती चुकली असती, तर वस्तीवर पोचेपर्यंत दिवस मावळला असता.