मुठीमुठीनं साठवलेलं

पहिलं मडकं आबांच्या पोरानं पायानं उलटं केलं. हातानं नाही. पायानं. बाजरी अंगणभर पसरली.

दुसऱ्या मडक्यात गहू होता. तिसऱ्यात मटकी. मग पत्र्याचा डबा. त्यात तूरडाळ, मिठाच्या पुड्या, काडेपेट्या, मेणबत्त्या. एकेक वस्तू तो दाराबाहेर फेकत होता आणि बापाला सांगत होता, "बघा आबा, बघा. घर हाय का दुकान हाय?"

आबा खुर्चीवर बसले होते. आमच्याच खुर्चीवर. बसण्याआधी त्यांनी ती उपरण्यानं पुसली होती. शेजारी गावचे पोलीसपाटील. समोर माझी आई, हात जोडून. वस्तीतली माणसं तोंडाला रुमाल बांधून लांब उभी.

राहात्याच्या बाजूचं आमचं गाव. आबांच्या पेरूच्या बागा, ऊस, रस्त्याला लागून दुमजली बंगला. आई तिथं धुणीभांडी करायची. आम्ही ख्रिस्ती. पण गावाला आमच्या पणज्याची जात अजून तोंडपाठ आहे. आईचं नाव मार्था. गाव तिला 'मारते' म्हणतं.

लॉकडाऊन लागणार अशी कुणकुण लागली तेव्हा बंगल्यावर टेम्पो आला होता. गव्हाची, तांदळाची पोती. साखर, तेलाचे डबे, साबणाचे खोके, काजूबदाम. आई आणि मी ते सगळं माडीवरच्या खोलीत नेऊन लावलं. पाठीवर पोतं घेऊन जिना चढायचा. मालकीणबाई खाली उभ्या राहून सांगत होत्या, "भिंतीला लावू नका, ओल लागंल. आन् वस्तीत कुणाला बोलू नका. लोकं मागायला येत्यात."

शेवटचं पोतं वर गेलं आणि त्या म्हणाल्या, "मारते, उद्यापासून येऊ नको. तुमच्या वस्तीत एवढ्याशा घरात धा-धा माणसं. रोग तिथूनच यायचा."

पोतं वाहीपर्यंत आमच्या अंगाला रोग नव्हता.

त्यानंतर बंगल्यावर एक पोतं कमी भरलं. मग काय. पोती कुणी उचलली होती? आम्ही.

आमची मडकी खाटेखाली असायची. आईची आई दुष्काळात जगलेली बाई. तिनं आईला एकच शिकवलं. पीठ मळायच्या आधी, डाळ शिजायला टाकायच्या आधी, एक मूठ मागं काढायची. रोज. पोट भरो ना भरो. शिवाय गहू निघाला की शेतात पडून राहिलेल्या ओंब्या आम्ही वेचायचो. आमच्याकडं त्याला सरवा म्हणतात. लहानपणी मला त्या मडक्यांचा राग यायचा. मी भाकरीसाठी रडायचे आणि आई मडक्यात मूठ टाकायची. म्हणायची, "हे आपलं न्हाई. हे वाईट दिसाचं हाय."

वाईट दिवस आले. मडकी भरलेली होती. हाच आमचा गुन्हा.

"मारते," आबांनी विचारलं, "एवढं धान्य तुझ्याकडं आलं कुठून?"

"आबा, मूठमूठ ठेवल्यालं हाय. देवाशप्पत."

"मूठमूठ ठेवून मडकी भरत्यात व्हय?" पोलीसपाटील हसले.

आबांच्या पोरानं एक रिकामं पोतं आईच्या अंगावर टाकलं. "भर सगळं. चौकशी हुईस्तोवर बंगल्यावर ऱ्हाईल."

आणि आई खाली बसली. तिनं भरायला सुरुवात केली. स्वतःचं धान्य, स्वतःच्या हातानं, मातीसकट. ती एक दाणाही सांडू देत नव्हती. ते बघून माझ्या आत काहीतरी फाटलं. मी कॉलेजात जाणारी पोरगी. तोवर दाराच्या चौकटीला धरून उभी होते. आबांना मी लहानपणापासून भीत आलेले. पण मी गेले आणि पोत्याचं तोंड धरलं.

"आई, भरायचं न्हाई."

"गप बस."

"न्हाई." मी आबांकडं वळले. "आबा, झडती घ्यायची तर दोन्ही घरांची घ्या. चला बंगल्यावर. माडीवरची खोली उघडा. वस्तीसमोर उघडा."

पोरगा अंगावर आला. "तुझी लायकी हाय का आमच्या माडीवर यायची?"

"पोतं वाहताना हुती."

कुणीतरी मागं हसलं. एकच हसू, दबकं. पण आबांना ते ऐकू आलं. ते उठले. "पोरगी लई शिकली तुझी," आईला म्हणाले आणि चालायला लागले. धान्य आमच्याकडं राहिलं. आम्ही अंधार पडेपर्यंत बाजरीतली माती पाखडत होतो.

पोतं सापडलं. हरवलंच नव्हतं. आबांच्या धाकट्या भावानं टेम्पोतूनच परस्पर मळ्यावर नेलं होतं. टेम्पोवाल्यानंच वस्तीत येऊन सांगितलं. बंगल्यावरून कुणी आलं नाही.

आले ते वेगळ्याच कामाला. गरिबांना मदत म्हणून पिशव्या. तांदूळ, डाळ, तेल. पिशवीवर आबांचा हात जोडलेला फोटो. वाटायला तोच पोरगा. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मोबाईल.

"मारताबाई, झालं गेलं विसरा. हां, पिशवीला हात लावा. इकडं बघा."

बाई! त्या दिवशी मारते, आज मारताबाई. माझ्या मनात पाल चुकचुकली. हा फोटो कुठं जाणार? उद्या कुणी झडतीचं विचारलं तर हाच पुढं करणार. बघा, आमचं काही भांडण नाही, हसत पिशवी घेतली.

आईनं हात पुढं केला होता. मी मधे उभी राहिले. "पोतं सापडलं ते आधी वस्तीसमोर सांगा. मग पिशवी ठेवा."

त्यानं मोबाईल खिशात टाकला. पिशवी परत गाडीत ठेवली.

आई घरात आली आणि माझ्यावर ओरडली. "बंगला गेला हातचा. आता खायचं काय? तुझी पुस्तकं?" आम्ही मडक्यातलं खात होतो आणि मडकी रिकामी होत होती.

मग समेटासाठी गावातली चार माणसं आली. म्हणाली, "मारते, पोरीला समज दे. किरकोळ गोष्ट हाय. मडकंच तर उलटलं."

आई चुलीपुढून उठली. गावातल्या माणसांपुढं पहिल्यांदाच मी तिचा आवाज चढलेला ऐकला. "मडकं न्हाई. अन्न हुतं त्यात. त्यानं अन्नाला पाय लावला. माझ्या पोटाला लावला असता तर मी गप ऱ्हायले असते."

मग माझ्याकडं बघून म्हणाली, "चल. कुठं जायचं हाय तिकडं चल."

पोलीस ठाण्यात हवालदारानं आईच्या गळ्यातला क्रूस बघितला. "तुमी ख्रिस्ती. तुमाला तो ॲट्रॉसिटीचा कायदा लागत न्हाई. घरी जा."

मी म्हणाले, "आमच्या घरात घुसून भांडी उलटी करायला जो कायदा लागतो, तो लिहा."

त्यानं पेन उचललं.

बंगल्याचं काम सुटलं ते सुटलंच. आई आता कांदा साठवायच्या चाळीवर कांदे निवडायला जाते. तक्रार मागं घ्या म्हणून निरोप येतात. कधी गोड, कधी आंबट. गोड निरोपाची मला जास्त भीती वाटते. परवा कुणीतरी म्हणालं, पोरगा येऊन माफी मागेल, मिटवून टाका.

नको. माफी चार भिंतींत मागतात. त्यानं उघड्या अंगणात केलं. कोर्ट बोलवेल तेव्हा मी जाणार. त्याच्या समोर उभी राहणार. आणि त्यानं काय केलं, कुठल्या पायानं केलं, ते माझ्या तोंडानं मोठ्यानं सांगणार.