त्यांच्या नावाने पाहिलेले तारे

एका सकाळी मी सौदीतल्या खफजीच्या आमच्या घरात वादळाने आलेली धूळ ओल्या फडक्याने पुसत होते. आमचे हे कॉम्प्युटरवर चित्रं बघत बसले होते. तरुण ताऱ्याभोवती धुळीची चकती दिसते का, हे हौशी लोकांनी बघून शास्त्रज्ञांना कळवायचं, असा तो उपक्रम. त्या धुळीतूनच पुढे ग्रह बनतात.

"पाय उचला," मी म्हटलं.

"तू धूळ पुस, मी शोधतो," हे हसले.

पुढे हे वारले, तरी मी त्यांच्याच नावाने चित्रं बघत राहिले. मैत्रिणींनो, त्यांना एकही चकती सापडली नव्हती. म्हणून जरा काही पुसट दिसलं की मी "आहे" असं कळवायचे.

काल चित्रं तपासणाऱ्यांच्या ग्रुपमधल्या नाशिकच्या शिक्षिकेचा मेसेज आला. "काका, हल्ली तुम्हाला सगळीकडे धूळच दिसते. चष्मा बदला. आम्हाला सगळं पुन्हा तपासावं लागतंय."

माझ्या हट्टापायी लोकांची मेहनत वाया गेली आणि बोल मात्र यांना लागला. फार अपराधी वाटलं. मी लिहिलं, "काका वारले. ही मी, काकू."

उत्तर आलं. "काकू, तुमच्या नावाने या."

माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?

आज सकाळी खिडकी पुसून झाल्यावर मी स्वतःच्या नावाने पहिलं चित्र उघडलं, नीट पाहिलं आणि "नाही" असं कळवलं.