काळी चार

आमच्या कोल्हारात मुलींच्या गाण्याचा नियम सोपा होता. लग्न जमेपर्यंत गाणं आलंच पाहिजे, आणि लग्न झाल्यावर आवाज येता कामा नये. मधल्या काळासाठी एक भजन पुरे. बहुतेक घरांत मुलगी दाखवून झाली की पेटी माळ्यावर जायची आणि नंतर तिच्यावर लोणच्याच्या बरण्या बसायच्या.

सत्तरच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. मी मॅट्रिक झाले होते आणि मला नगरला डी.एड. करायचं होतं. वडिलांनी उसाच्या पाण्याची पाळी ठरवावी तसं माझं ठरवलं. "आधी हे जामखेडचं स्थळ बघू. जमलं तर जमलं. न्हाई तर जा तुझ्या नगरला." वडील एकदा बोलले की फिरत नसत, त्यामुळे त्या उन्हाळ्यात माझं सगळं भवितव्य त्या 'न्हाई तर'वर टेकलं होतं.

मुलगा सरकारी नोकरीत होता, आणि त्यांच्याकडून निरोप होता की मुलीला गाणं येत असलं तर बरं. जामखेडकडे प्यायला पाणी नव्हतं, पण सुनेला गळा हवा होता. वडिलांनी लगेच भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या मास्तरांना बोलावलं.

मास्तरांना पेटीपलीकडे जग नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "स्वर, लय आणि ताल. संगीत या तीन पायांवर उभं असतं."

"तिवईसारखं," आई चुलीपाशी बसून म्हणाली.

स्वर म्हणजे मी जिथं नसायची ती जागा. लय म्हणजे मास्तर डोळे मिटून "घाई नको, घाई नको" म्हणायचे ते. ताल मात्र मला आवडला, कारण त्यात हिशोब होता. मांडीवर टाळी द्यायची, बोटं मोजायची आणि 'खाली' आली की टाळी न देता हात नुसता उलटा करायचा. वडिलांना ती खाली फार खटकली. "जिथं काही करायचंच न्हाई, ते शिकवायला मास्तर कशाला?"

शेवटी पट्टी. प्रत्येकाच्या गळ्याचा 'सा' पेटीवर वेगळ्या ठिकाणी बसतो, त्या जागेला पट्टी म्हणतात आणि तिला त्या बटणाचंच नाव असतं. माझा 'सा' काळ्या बटणांतल्या चौथ्यावर बसला. मास्तर खूश झाले. "ताईंची काळी चार."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मुलाचे मामा गुपचूप चौकशी करायला कोल्हारात उतरले. एस.टी. स्टँडवरच्या हॉटेलात चहा पिताना त्यांना कळलं, की समोरचे गृहस्थ त्या मुलीला गाणं शिकवतात. पुढचा संवाद त्या हॉटेलवाल्यानं सगळ्या गावाला ऐकवला, म्हणून मला तोंडपाठ आहे.

"पोरगी कशी हाय, मास्तर?"

"काळी चार."

"काळी?"

"चार. वर गेली की जरा फाटते, पण खालच्या अंगाला चांगली आहे."

मामांनी चहा अर्धा टाकला आणि आलेल्या गाडीनं परत गेले.

चार दिवसांनी मध्यस्थ निरोप घेऊन आले. पोरगी काळी आहे, अंगात दोष आहे, आणि बहुतेक चारही बहिणी तशाच आहेत. आम्ही बहिणी दोनच होतो. मला वाटलं, झालं काम, आता ट्रंक भरायला घ्यावी. पण वडिलांना लग्नापेक्षा अपमान मोठा वाटला. त्यांनी उलटा निरोप धाडला, "या आणि भर उन्हात बघा."

ते आलेही. मामा, मुलाची आत्या आणि मुलगा. मुलगा सबंध वेळ पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत होता. त्याच्याबद्दल मला एवढंच सांगता येईल. आत्यांनी मला हाताला धरून अंगणात नेलं, पदराच्या टोकानं गाल घासला आणि पदर उलटून पाहिला. पावडरही निघाली नाही.

"बरी हाय की गं. गव्हाळ हाय." मग मामांकडे वळून, "मग तुमी काय सांगत हुता? मास्तर काळी म्हणला ना?"

मास्तर कोपऱ्यात पेटीचा भाता सोडत बसले होते. ते उत्साहानं म्हणाले, "काळीच आहे. हे बघा." आणि त्यांनी बटणावर बोट ठेवलं. पेटी वाजली. आत्यांनी बटणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आवो, पोरीचं इचारलं तर पेटीचं काय दावता?"

"पट्टी काळी आहे, बाई. मुलीची."

"म्हंजे काळं हायच कुठंतरी."

मामा हसले. ते हसल्यावर वडील उठले. "मास्तर, हे काळं-बिळं बास. माझी पोर पांढरीत गाईल."

मास्तर घाबरले. "अण्णा, मग पांढरी पाच घेऊ. शेजारचीच आहे."

"पाच कशाला? आम्ही काय पाच नंबरचे हाय? एक नंबर द्या!"

"अण्णा, एक म्हणजे पुढच्या सप्तकातली, फार वर जाईल..."

"जाऊ द्या वर! लोकांस्नी कळू द्या!"

मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. चांगल्या घरातली मुलगी वडिलांच्या शब्दाबाहेर जात नाही, हे मला लहानपणापासून शिकवलेलं होतं. त्यांनी पांढरी एक दाबली आणि मी आज्ञाधारकपणे गायले.

पहिली ओळ कशीबशी पार पडली. अंतरा वर चढला तसा माझा आवाज आधी पातळ झाला, मग फाटला, आणि देवाच्या नावावर पोचेपर्यंत गोठ्यातलं वासरू ओरडायला लागलं. मुलानं पहिल्यांदाच पोह्यांतून मान वर केली. मी ताल मात्र चुकवला नाही. टाळीला टाळी दिली, खालीला हात उलटा केला.

आत्यांनी निघताना आईच्या हातून कुंकू लावून घेतलं आणि स्पष्टच सांगितलं, "रंगाचं काय न्हाई हो, काळी असती तरी चालली असती. पन ह्या आवाजानं दूध नासंल."

ते गेल्यावर वडिलांनी पेटीचं ते पांढरं बटण स्वतः दाबून पाहिलं. मग मास्तरांना म्हणाले, "एक नंबर देऊनसुद्धा?"

"एक नंबर होती म्हणूनच, अण्णा."

वडिलांना ते कळलं नाही, पण 'न्हाई तर' म्हटलेलं त्यांना आठवत होतं, आणि नव्हतं आठवत तेव्हा मी आठवण करून दिली. जूनमध्ये त्यांनीच मला नगरच्या गाडीत बसवलं. पेटी माळ्यावर गेली.

डी.एड.ला संगीत सक्तीचं निघालं. पहिल्या तासाला बाईंनी एकेकीला उभं करून पट्टी विचारली. माझी पाळी आली तेव्हा मी खणखणीत आवाजात सांगितलं, "काळी चार." सबंध वर्गात कुणीही माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. बाईंनी नुसती मान हलवली आणि पुढच्या मुलीला उठवलं.