न मोजलेलं दार

लाकूड वाकवण्यात हरिश्चंद्र भाऊजींचा हात धरणारा काशीमीऱ्यात दुसरा कोणी नव्हता. तरी त्यांचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी वाकवलेल्या प्रत्येक वस्तूवर जितेंद्रशेठच्या कारखान्याचं लेबल लागायचं. एकोणीस वर्षं हेच. पेणकरपाड्याच्या आमच्या चाळीत ते शेजारच्या खोलीत राहायचे आणि जेवताना बायकोला, सुगंधाला, रोज ऐकवायचे, "एक काम स्वतःचं मिळू दे, शेठला रामराम ठोकतो." ती मान हलवायची आणि भाजी वाढायची.

२००४ साली ते काम मिळालं. बेव्हर्ली पार्कात ममताबेन ब्युटी पार्लर काढत होत्या. त्यांना अर्धगोल काउंटर हवं होतं, कुठेही जोड न दिसणारं, दसऱ्याच्या उद्घाटनाला. शेठला सुगावा लागू नये म्हणून भाऊजींनी ते घरातच करायला घेतलं. दहा बाय बाराच्या खोलीत साचा मांडला. त्यावर पातळ प्लायचा एक थर, मग गोंद, मग दुसरा थर, असे सात थर चढवले आणि क्लॅम्प आवळून ठेवले. सुगंधा आणि तिची मुलगी आरोही तीन दिवस माझ्याकडे झोपल्या.

"वहिनी, ममताबेनचं दार तीनदा मोजलंय," भाऊजी मला म्हणाले. "जिना मोजला. आरामात जातंय."

क्लॅम्प सुटले तेव्हा मी त्या काउंटरवरून हात फिरवतच राहिले. सात थर, पण बोटाला एक रेघ लागेल तर शपथ. मला त्या माणसाचा अभिमान वाटला.

अष्टमीला टेम्पो आला. चौघांनी काउंटर उचललं. अर्धं दाराबाहेर आलं आणि पुढचं टोक गॅलरीच्या भिंतीला भिडलं. गॅलरी होती तीन फुटांची. मग उभं केलं, आडवं केलं, उलटं केलं. कपाट असतं तर स्क्रू काढून सुटं केलं असतं. चिकटलेले सात थर सुटे होत नाहीत. भाऊजी आत, काउंटर दारात आणि सुगंधा बाहेर. खिडकीला गज. खोलीमालक म्हणाला, भिंतीला हात लावायचा नाही, वरचा मजला तिच्यावर आहे.

"कापा," सुगंधा बाहेरून म्हणाली. "तिकडे नेऊन जोडा."

"जोड दिसेल."

"दिसू दे."

"मग वाकवलं कशाला?" आतून आवाज आला.

काउंटर पुन्हा आत ढकललं. टेम्पो रिकामा गेला आणि ममताबेननी संध्याकाळी तयार काउंटर विकत आणलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. कारखान्यात हत्यारांची पूजा असते, सगळे कारागीर आपापली हत्यारं शेठच्या देवांच्या फोटोंपुढे ओळीत मांडतात. त्या वर्षी भाऊजी ती घरी पुजणार होते, सुगंधानं झेंडूचा हारही आणला होता. सकाळी पाहते तर भाऊजी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून, पोट आत घेऊन, काउंटरच्या कडेकडेनं बाहेर येतायत.

"शेठकडे पूजा आहे," माझ्याकडे न बघता म्हणाले. मला भयंकर राग आला, कुणाचा ते कळेना. सुगंधानं हार त्यांच्या पिशवीत टाकला.

चार वर्षं काउंटर तिथंच राहिलं. मागे पाण्याचे ड्रम, वर आरोहीचं दप्तर. घरात सगळ्यांना तिरकं होऊनच चालावं लागे. पोरगी माझ्याकडे आली तरी दारातून तिरकीच शिरायची. मी कितीदा म्हटलं, कापा हो एकदाचं. ते म्हणायचे, "बघू."

मग चाळ पाडून टॉवर बांधायला बिल्डरचा माणूस आला. आम्ही सगळे गॅलरीत जमलो. चाळीतल्या पंढरीनाथनं विचारलं, चौरस फूट किती देणार. मी विचारलं, तोवर राहायचं कुठे. सुगंधा डोळे पुसत होती. भाऊजी सगळ्यांत मागे होते. शेवटी त्यांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

"आमची पुढची भिंत कुठल्या तारखेला पाडणार?"

"क्यों चाचा, इतनी जल्दी क्या है?"

"टेम्पो सांगून ठेवायचाय," भाऊजी म्हणाले.