राखणीची खाट

माझ्या पहिल्या बर्फाळ पोस्टवर पोहोचलो, तेव्हा तिथल्या सुभेदार साहेबांनी आधी चहासुद्धा विचारला नाही. पाठीवरचं ओझं उतरवायच्या आत त्यांनी मला एका लहान बंकरपाशी नेलं आणि म्हणाले, "साब, पहली रिपोर्ट यहाँ."

आत एक लोखंडी खाट होती. चादर ताणून घातलेली, पायाशी घडी केलेलं ब्लँकेट, खिळ्याला इस्त्रीची वर्दी, खाली पॉलिश केलेले बूट. माणूस नव्हता. ज्या जवानाची ती खाट, तो फार वर्षांपूर्वी पोस्टसमोरच्या कड्यावर हिमवादळात गेला होता. पोस्ट अजूनही तोच राखतो, अशी तिथल्या सगळ्यांची श्रद्धा. संध्याकाळी त्याचं अंथरूण घालायचं. सकाळी चादर चुरगळलेली असायची.

मी विज्ञानाचा पदवीधर, आमच्या घराण्यातला पहिला. बदलापूरच्या शाळेतल्या गुरुजींनी मला मानगुटीला धरून गणित शिकवलं, उल्हासनगरच्या कॉलेजने पदवी दिली, आणि तिथल्याच एका सिंधी टेलरकाकांनी मुलाखतीसाठी पँट शिवताना "साहब बनके आ, तब नाप दोबारा लूँगा" म्हणत माझी भीती घालवली. एवढ्या माणसांनी उचलून धरलं म्हणून मी अधिकारी झालो होतो. मी सलाम केला, रिपोर्ट दिली आणि मनात म्हटलं, उंदीर असतील.

मग एका सकाळी सहज त्या बुटात हात घातला. आतून ओला होता. बाहेर सगळं दगडासारखं गोठलेलं, आणि बूट ओला. त्यानंतर मी उंदरांचा विचार केला नाही.

सुट्टीवर गावी, चिखलोलीला आलो तेव्हा आईला हे सांगितलं. ती ओसरीवर सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. एकच गोष्ट मी गाळली. तो जवान मेलेला आहे हे सांगितलं नाही. आपला मुलगा जिथे राहतो तिथे माणसं मरतात, हे आईसमोर बोलवेना. मी म्हटलं, एक जवान आहे, लांब कड्यावर पहारा करतो, त्याचं अंथरूण आम्ही रोज घालतो.

"रोज? न चुकता?"

"रोज."

"आनि यतो तो?"

"चादर चुरगळलेली असते सकाळी."

तिने सूप थांबवलं. "मंग यतो तर," म्हणाली, आणि पुन्हा पाखडायला लागली.

आमच्या शेताच्या बांधावर उंबराखाली एक शेंदूर लावलेला दगड होता, राखणदार. दर वर्षी पेरणी उरकली की बाबा त्याला नारळ, भात आणि कोंबडा देत. त्याला राखण देणं म्हणत. लहानपणी मी आईला विचारलं होतं, हा कोण? ती म्हणाली होती, "कोन तरी मानूसच आसंल. ज्याच्या मागं कोन नाय, त्याला जागा द्यावी. मंग तो आपलं राखतो." मी रोज देवपूजा करणारा माणूस. पोस्टवरही गावदेवीचा अंगारा खिशात असायचा. पण त्या दगडाची मला भीती वाटे, आणि ती आईला सांगायची लाज वाटे.

पुढच्या सुट्टीत आलो तेव्हा बायकोने मला मागच्या दारी नेलं. आमचं लग्न नवीन होतं. मी सीमेवर आणि ती आईबरोबर चिखलोलीत.

"अहो, आई रोज आतल्या खोलीत तुमची खाट घालतात. तुम्ही काही बोलून गेलात का?"

"घालू दे. आईचं मन आहे."

"घालू दे हो. पण सकाळी चादर चुरगळलेली असते."

"मांजर असेल."

"उशीपासून पायापर्यंत?" ती म्हणाली. "लांबलचक आहे मग मांजर. मिशीबिशी असेल."

ती हसली, पण हात माझ्या मनगटावर घट्ट होता. असं अंथरूण कुणाचं घालतात, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. आई जिवंत मुलाला मेलेल्याचा मान देत होती, आणि तेही मी गाळलेल्या एका शब्दामुळे.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम त्याच खाटेवर आडवा व्हायला गेलो. म्हटलं, आपणच झोपलो म्हणजे प्रश्न मिटला. आई दारात उभी राहिली.

"तिथं नको. तू बाहेरच्या खोलीत नीज."

"माझीच खाट ना आये?"

"साहेब झालास तरी ऐकायला शिकला नाय," ती म्हणाली आणि मी बसलो होतो तिथली चादर हाताने सारखी केली.

पुढच्या हिवाळ्यात त्याच पोस्टवर मी आजारी पडलो. छातीत पाणी झालं. हवा अशी की हेलिकॉप्टर येईना. त्या तापात मला सारखं वाटे की पायाशी कोणी बसलंय. ओल्या लोकरीचा आणि रॉकेलचा वास यायचा. एका सकाळी हवा उघडली आणि मला स्ट्रेचरवर घेतलं, तेव्हा सुभेदार साहेब कानाशी वाकून म्हणाले, "साब, इतने दिन वो सोने नहीं आया. चादर वैसी की वैसी है."

बरा होऊन घरी आलो, तर बायकोने सांगितलं की माझ्या आजारपणाची बातमी पोहोचायच्या आधीपासून घरातल्या खाटेची चादरही सरळच राहत होती. ती घाबरली होती. आई मात्र शांतपणे भाकऱ्या थापत होती. "कामावर गेलाय," एवढंच म्हणाली होती. बायकोला वाटलं, आई माझ्याबद्दल बोलतेय.

पुढे बदल्या झाल्या, बढत्या झाल्या, मुलगी झाली, बाबा गेले. चिखलोलीचं शेत गेलं. तिथे आता इमारती आहेत, आणि तो दगड कुठे आहे हे मी कधी विचारलं नाही. कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि आम्ही बदलापुरात, कात्रपला फ्लॅट घेतला. आईने छोट्या खोलीत ती खाट लावून घेतली. मी घरात असताना, माझ्या डोळ्यांदेखत, ती रोज संध्याकाळी चादर ताणायची. मी मोठ्याने बोललो तर म्हणायची, "हळू. पोरगा झोपलाय." डॉक्टरांनी वयाचा भ्रम म्हणून गोळ्या लिहून दिल्या. ती त्या तुळशीत टाकायची.

मला एकच भीती होती. हिच्या लेखी मुलगा म्हणजे तो खाटेवरचा, आणि मी कुणीतरी पेन्शनवर आलेला पाहुणा. ही तशीच गेली तर?

यंदा मुलगी पहिल्या बाळंतपणाला यायची ठरली. तिला त्रास होता. डॉक्टरीणबाईंनी सक्तीने झोपून राहायला सांगितलेलं. बायको म्हणाली, "छोटी खोली तिला द्यायची. ती खाट मी लेकीच्या उशाशी ठेवणार नाही. आईंशी तुम्ही बोला. मोठी मोठी माणसं सांभाळलीत, एक म्हातारी सांभाळा."

मी आईपाशी बसलो. "आये, त्या पोस्टवरच्या जवानाचं एक सांगायचं राहिलं. तो मेलेला होता."

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"तू सांगितलंस तवापासून. जित्या मानसाचं आंथरून दुसरी मानसं रोज घालतात का कुठं? यडी समजलास मला?"

"मग माझं का घालत होतीस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी पाढा चुकला की पाही. "तुझं कुठं? त्याचंच घालतेय. तिकडं तू आनि तो. तुम्ही बर्फात निजवता त्याला. मी म्हटलं, इथं ये बाबा, ऊब हाय, नीज. आनि माझ्या पोराला राख."

बाहेर भाजीवाल्याची हाक चालली होती.

"मंग? लेक यतेय ना?" ती म्हणाली. "राखणदार आत कशाला? खाट दाराशी घाल. आनि आता तू घाल. माझी कंबर जाते वाकून."

खाट मी हॉलमध्ये दाराशेजारी लावली. चादर ताणून घातली. माझे जुने बूट पॉलिश करून खाली ठेवले. घरात कोणी बघत नाही असं पाहून सावधान उभा राहिलो आणि रिपोर्ट दिली: घरात कोण कोण आहे, आणि कोण यायचंय.

मुलगी आल्यावर रोज सकाळी चादर चुरगळलेली असायची. बायकोने विचारणं सोडलं होतं. ती फक्त दाराकडे जाताना खाटेला वळसा घालून जायची.

मग एका संध्याकाळी, दिवस भरायच्या आत, मुलीला प्रसूतिगृहात न्यावं लागलं. बायको आणि जावई तिच्यासोबत राहिले, मी आईजवळ. सकाळी उठून हॉलमध्ये आलो. चादर जशी घातली होती तशीच होती. एक सुरकुती नव्हती.

"आलाय का रं?" आईने आतून विचारलं.

"नाही. चादर सरळ आहे."

"मंग चहा टाक. कामावर गेलाय."

चहा उकळत असताना फोन आला. बायको रडत होती, म्हणून आधी काही कळेना. मग म्हणाली, "दोघी सुखरूप आहेत. नात झाली. डॉक्टरीणबाई म्हणतात, कशी वाचली कुणास ठाऊक."

आईला सांगितलं. तिने हात जोडले, देवघराकडे नाही, दाराकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चादर चुरगळलेली होती. मे महिना होता, बदलापुरात पाण्याचा थेंब नव्हता. पॉलिश करायला बूट उचलला आणि आत हात घातला. मग वर्तमानपत्र चुरगळून त्यात कोंबलं, बूट गॅलरीत उन्हाला ठेवले, आणि संध्याकाळच्या आत वाळतील ना, हे बघायला मी दुपारी दोनदा उठलो.