मंगळवारची संडेस्कूल

निवृत्त होऊन लोणावळ्याला परत आले, आणि पहिल्याच महिन्यात आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मला विचारलं, "बाई, आपली संडेस्कूल कशी चाललीय, तुमचं काय मत?" तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. संडेस्कूल चाललेलीच नव्हती. उपासनेआधी तासभर देवळामागच्या खोलीत मुलांना बायबलमधल्या गोष्टी सांगायच्या, गाणी शिकवायची, एखादं वचन पाठ करून घ्यायचं, एवढंच ते काम. पण आधीच्या शिक्षिका लेकीकडे नाशिकला राहायला गेल्या होत्या आणि मुलं त्यांच्याही आधी पांगली होती. "तळेगावच्या शाळेत तुमचा केवढा दरारा होता," पाळकसाहेब म्हणाले. मला स्तुती आवडते. मी हो म्हणून बसले.

पहिल्या रविवारी तीन मुलं आली. त्यातलं एक पाळकसाहेबांचंच, म्हणजे ते धरायचं नाही. दुसरं आईच्या कडेवरून थेट माझ्या मांडीवर आलं आणि झोपलं. तिसरी होती आबांची नात, पाचवीतली. आबा म्हणजे आमच्या मंडळीचे सगळ्यात ज्येष्ठ पंच. रेल्वेत नोकरी केलेले, त्यामुळे देवाच्या घरीही गाडी वेळेवर सुटली पाहिजे असा त्यांचा आग्रह. त्यांनी एकही रविवार चुकवलेला नव्हता. बायकोला माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता, तर पहिल्या बाकावर आबा कोट घालून बसलेले. नव्या बाईंना बरं वाटावं म्हणून त्यांनी नातीला हाताला धरून आणून बसवलं होतं.

मी सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली. देवाने सहा दिवस काम केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, इथपर्यंत आले तेव्हा आबांच्या नातीने हात वर केला.

"बाई, सुट्टीच्या दिवशी विसावा? देवाकडे पाव्हणे येत नव्हते?"

मी तिला गप्प बसवलं. इतकी वर्षं शिकवल्यावर अवघड प्रश्नाचं काय करायचं हे हातात बसलेलं असतं. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

दरम्यान पंचांच्या बैठकीत एक सूचना आली. खोली नुसतीच पडून असते, तर तिथे दोन खाटा टाकाव्या, गीझर बसवावा आणि शनिवार-रविवार पर्यटकांना द्यावी. मंडळीला तेवढाच हातभार. सूचना आबांची होती. मी चिडले. लहानपणी त्याच खोलीत उभं राहून मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत तोंड उघडलं होतं. तिथे कुणाचे ओले टॉवेल वाळत पडणार, हे माझ्याने सोसवेना. बरंच बोलले. शेवटी ठरलं ते असं: मुलांचा रविवार होईपर्यंत वाट बघायची. वर्षातून एकदा आमच्याकडे सगळी उपासना मुलं चालवतात; प्रार्थना तीच करतात, शास्त्रपाठ तीच वाचतात, मोठ्यांनी नुसतं बसायचं. त्या दिवशी मुलं दिसली तर खोली मुलांची, नाहीतर खाटांची.

मग मी घरोघर फिरले. एका बंगल्याच्या मागच्या खोलीत केअरटेकरचं कुटुंब राहतं, कामशेतकडचं. तिथल्या बाईने मला चहा दिला आणि वर धडाही दिला.

"बाई, तुमी म्हंता त्ये खरं हाय. पन रविवारी पोरगी न्हाई सोडता येत. पावण्यांचं च्या-पोहं कोन बघील? मंगळवारी घिऊन जावा की. मंगळवारी लय निवांत असतंय हितं."

परतताना मला आबांच्या नातीचा प्रश्न आठवला आणि माझीच मला लाज वाटली. सगळं गाव रविवारवर जगतं. कुणाचं चिक्कीचं दुकान, कुणाची गाडी, कुणाच्या, म्हणजे आबांच्याही, घरात पर्यटकांसाठी भाड्याच्या खोल्या. खुद्द पंचसुद्धा शेवटच्या आशीर्वादाला डोळे मिटतात ते एका हाताने खिशातला फोन दाबून धरून. आणि अशा गावात आम्ही वर्षानुवर्षं भिंतीकडे बघून विचारत होतो, की रविवारी मुलं जातात तरी कुठे!

मंगळवारची संडेस्कूल म्हटल्यावर बैठक चांगलीच रंगली. बाहेरचा फलक बदलावा लागेल का, यावर बराच वेळ गेला. एकाने मंगळवार हा गणपतीचा वार असल्याची अडचण काढली. मी म्हटलं, त्याची काही हरकत नसावी. आबांनी शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याचा दिवस पाळण्याच्या, आज्ञेचा दाखला दिला. शेवटी फलक आहे तसाच ठेवायचा आणि मुलांना मंगळवारी शाळा सुटल्यावर बोलवायचं, असं ठरलं. "पण मंडळी मुलांना बघणार ती रविवारीच," आबांनी बजावलं.

पावसाळा लागेपर्यंत खोलीत खुर्च्या पुरेनात. मुलं काय, नुसती तुटून पडली. नोहाच्या तारवाला एकीने 'फुल्ल बुकिंग' म्हटलं आणि मी फळ्याकडे तोंड करून हसले. आबांची नात तर एकही मंगळवार चुकवत नव्हती. तिचा आवाज खणखणीत होता. शास्त्रपाठ मी तिलाच दिला.

मुलांचा रविवार आला तो नेमका ऑगस्टमधल्या जोडून आलेल्या सुट्ट्यांत. आदल्या दिवशी मी सगळ्या घरांतून फिरून आले. "पाठवतो की बाई, न पाठवायला काय झालं!" सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. लोणावळ्यात इतक्या सहजपणे मिळालेल्या होकाराचा अर्थ मला कळायला हवा होता.

सकाळी धुकं देवळाच्या दारापर्यंत आलेलं, रस्त्यावर गाड्यांची रांग, आणि मुलांसाठी मोकळ्या ठेवलेल्या बाकांवर पाळकसाहेबांचं पोर आणि आणखी दोघं. घंटा झाली. आबा पहिल्या बाकावरून मागे वळून बघत होते. खूश नव्हते, एवढं मान्य करते. पण माझा पारा चढला तो चढलाच. मी सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"आबा, शास्त्रपाठ कोण वाचणार? तुमची नात कुठाय?"

"घरी. वीज गेलीय, गीझर बंद. पाव्हण्यांना पाणी हवं म्हणून ती बंब..." ते मध्येच थांबले.

"मग त्या खोलीत खाटांबरोबर एक बंबही ठेवा," मी म्हटलं. पुढचे दोन बाक ऐकत होते.

आबा उठले. छत्री घेतली आणि पहिलं गीत चालू असताना बाहेर निघून गेले. मागे कुजबुज झाली; कुणाला वाटलं, त्यांची तब्येत बिघडली. मलाही भीती वाटली, की आपण एका म्हाताऱ्या माणसाला देवळातून हाकललं.

तिसऱ्या गीताला दार उघडलं. आबांची नात आत आली, गालाला राख, वेणी अर्धी सुटलेली. तिच्या मागे त्या गल्लीतली आणखी मुलं, धापा टाकत. "आबांनी सगळ्यांच्या दारात जाऊन सांगितलं," ती माझ्या कानाशी म्हणाली, "पाव्हण्यांना म्हणावं थांबा जरा." कामशेतच्या बाईची पोरगीही आली, हाताला पोह्यांची हळद. बाक भरले. नातीने शास्त्रपाठ वाचला. लेकरांना माझ्याकडे येऊ द्या, त्यांना अडवू नका, हा येशूच्या तोंडचा उतारा. आमच्याकडे मुलांच्या रविवारी दरवर्षी तोच असतो आणि दरवर्षी आम्ही माना डोलावतो. पहिल्या बाकावर आबांची जागा रिकामी होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

उपासना संपल्यावर मी त्यांच्या घरी गेले. आबा मागच्या अंगणात कोटासकट बंबापुढे बसून ओल्या लाकडांना फुंकर घालत होते आणि पाव्हण्यांतली एक मुलगी त्यांचा फोटो काढत होती.

"वाचलं का तिने नीट?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"वाचलं. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं."

"मला नाही मिळालं ऐकायला," ते म्हणाले. धुराने असेल, पण डोळे त्यांनी दोनदा पुसले. माफी मागायला म्हणून गेलेली मी तिथेच पाटावर बसले आणि त्यांना लाकडं पुढे करत राहिले.

खाटांचा विषय पुढच्या बैठकीत कुणी काढला नाही. मंगळवारी मी हजेरी घेत होते, तेवढ्यात दारात आबा उभे. अंगात रविवारचा कोट, काखेत बायबल.

"सलाम बाई," ते म्हणाले, "माझा रविवार राहिलाय."

मुलांच्या त्या बुटक्या खुर्चीत ते कसेबसे मावले, गुडघे हनुवटीपाशी आले. कुणी हसलं नाही. नात उठली आणि तिने तोच उतारा काढला.